भूतकाळात जाणं राहू द्या, नुसता पाहता तरी येईल का?

गुरुवारचा_बाजार

कालप्रवासाचा विषय निघाला की गाडी हमखास एकाच जागी अडकते: मागे जाऊन आजोबांना मारलं तर नातू जन्मणार कसा, आणि नातूच नाही तर मारलं कुणी? मला कुणाला मारायचं नाही, वाचवायचं नाही, लॉटरीचा नंबरही नको. मला फक्त पाहायचं आहे. जायला अडचण असेल, समजू शकतो. पण पाहायला काय हरकत आहे? तारे आपण रोज रात्री जुनेच पाहतो ना?

कारण घरगुती आहे. १९६१ च्या डिसेंबरात पोर्तुगिजांनी बाणस्तारीचा पूल उडवला, तो आपण डोळ्यांनी पाहिला असं आमचे माशेलचे आजोबा मरेपर्यंत सांगत. आजी तेवढ्याच ठामपणे सांगे की हे गृहस्थ घोरत पडले होते, आवाज झाल्यावर मीच हलवून उठवलं. दोघंही गेली, भांडण वारशाने आमच्याकडे आलं. घरात आज दोन पक्ष आहेत आणि चतुर्थीच्या पंगतीला दोन्ही समोरासमोर बसतात.

तर जाणकारांनी सांगावं: हे पाहणं तत्त्वतः तरी शक्य आहे का? आणि नुसतं पाहिल्याने काही विरोधाभास होतो का?

इसवण

आजी बरोबर. धागा बंद करा.

शून्यवेळ

इसवण, थांबा हो जरा.

तारे जुने दिसतात हे खरं. चंद्र सव्वा सेकंद जुना, सूर्य ८ मिनिटं २० सेकंद, व्याध साडेआठ वर्षं, अभिजित २५, कृत्तिका ४०० च्या वर. आत्ता नेत्रावळीकडे अंधारात गेलात तर देवयानी दीर्घिका नुसत्या डोळ्यांना पुसट डागासारखी दिसेल. तो प्रकाश निघाला त्याला २५ लाख वर्षं झाली. पण हा सगळा परक्यांचा भूतकाळ. आपला स्वतःचा प्रकाश निघून गेलाय, त्याला गाठायचं तर त्याच्यापेक्षा जोरात पळावं लागेल, आणि सेकंदाला ३ लाख किलोमीटरच्या वर कुणालाच परवानगी नाही.

मात्र एक योगायोग तुमच्या बाजूने आहे. रोहिणी तारा आपल्यापासून साधारण ६५ प्रकाशवर्षांवर आहे आणि गोव्याच्या मुक्तीला ६५ वर्षं होत आली. म्हणजे त्या दिवसांत इथून वर गेलेला उजेड सध्या रोहिणीच्या परिसरात पोचतोय. शिवाय गोवा साडेपंधरा अक्षांशावर, रोहिणी साडेसोळाच्या आसपास, त्यामुळे ती आपल्या जवळजवळ डोक्यावरूनच जाते. १९ डिसेंबरला रात्री साडेआठला पोर्तुगीज गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वाने शरणागतीवर सही केली तेव्हा ती पूर्वेला चांगली वर आलेली होती आणि अकराच्या सुमारास ऐन माथ्यावर होती. तिथे कुणी बसलेला असेल तर त्याची जागा उत्तम आहे.

आता वाईट बातमी. ६५ प्रकाशवर्षांवरून एक मीटरची वस्तू वेगळी ओळखू यायची तर दुर्बिणीचा आरसा सुमारे ३८ कोटी किलोमीटर रुंद हवा. पृथ्वी ते सूर्य अंतर १५ कोटी. आणि हे झालं 'काहीतरी आहे' एवढं कळायला. माणूस ओळखायचा तर आणखी दसपट. शिवाय भर उन्हात उभ्या असलेल्या माणसावरून परतलेला प्रकाश एवढ्या अंतरावर इतका पसरतो की एक चौरस किलोमीटरचा आरसा घेऊन बसलात तरी, माझ्या ढोबळ हिशेबाने, शतकभरात एखाददुसरा फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, हाती लागेल.

तळ्यातमळ्यात

आणि आजोबा तर कौलांखाली होते. तो एखाददुसरा फोटॉनही वाशालाच आपटला असणार.

इसवण

म्हणजे घोरणाऱ्याचा पुरावा विश्वात कुठेच नाही. आजोबा सुटले!

वकीलबाब

पुरावा नाही हेच बरं आहे, हे मी पोटतिडकीने सांगतो.

माझा धंदा भाटकार-मुंडकारांच्या, म्हणजे जमीनमालक आणि त्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांच्या, खटल्यांचा. भाटकार म्हणतो, हा आमचा गडी, घर आम्ही दिलं. मुंडकार म्हणतो, आज्यापासून इथे आमची चूल आहे. मुंडकार कायदा १९७५ चा, पण माणसं त्याच्या कितीतरी आधीची. भूतकाळ पाहायचं यंत्र आलं तर लोकांना वाटेल वाद मिटले. मिटतात कसले! पहिला अर्ज पडेल तो कुठल्या तारखेपासून पाहायचं यावर. एक पक्ष १९७५ मागेल, दुसरा १९६१, तिसरा गांवकारीचा (गावाच्या सामाईक जमिनीचा) उतारा काढून म्हणेल १५१० च्या, पोर्तुगीज यायच्या, आधीचं दाखवा.

एका खटल्यात बांधावरच्या फणसावरून दोन भाऊ भांडत होते. फणस ज्याच्या बापाने लावला त्याच्या बाजूला बांध सरकणार. दोन्हीकडून म्हातारे साक्षीदार आले, दोघांनीही छातीवर हात ठेवून सांगितलं की आपल्या डोळ्यांदेखत लावला. आता यंत्र लावलं आणि त्यात दिसलं की माकडाने आठळी टाकली होती, तर मी कोर्टापुढे काय मांडू? वारसदार म्हणून माकड?

सांगेकरीण

हसून हसून पुरेवाट! वकीलबाब, माकडाच्या वतीने वकालतनामा घ्या.

गूढप्रेमी

इथे कुणी क्रोनोव्हायझरचं नाव कसं घेतलं नाही? इटलीतले बेनेडिक्टाइन पाद्री पेलेग्रिनो एर्नेत्ती यांनी भूतकाळ दाखवणारं यंत्र बनवल्याचं सांगितलं होतं. त्यातून घेतलेला येशूच्या चेहऱ्याचा फोटो १९७२ मध्ये तिथल्या साप्ताहिकात छापून आला. पुढे यंत्राचं काय झालं? व्हॅटिकनने दडपलं म्हणतात. आग असल्याशिवाय धूर निघत नाही.

कुळागर

गूढप्रेमीबाब, तो फोटो कोल्लेवालेन्झाच्या देवळातल्या लाकडी कोरीव मूर्तीच्या पोस्टकार्डाशी हुबेहूब जुळला. भूतकाळातून फोटो काढणाऱ्या यंत्राला पोस्टकार्डच सापडावं? आणि यंत्र कुणालाच दाखवलं नाही, आराखडा नाही, सुटा भाग नाही. धूर होता, पण उदबत्तीचा.

गूढप्रेमी

तुम्ही मोकळ्या मनाने बघत नाही एवढंच म्हणेन.

डेप्युटेशनपुत्र

जायच्या बाजूने कुणीच बोलेना म्हणून मी बोलतो, कारण माझं गणित आजोबा मारण्यापेक्षा बरं आहे.

माझे वडील मुक्तीनंतर कोल्हापूरहून शिक्षक म्हणून डेप्युटेशनवर इथे आले. डिचोलीत आईशी गाठ पडली, लग्न झालं, मी झालो. आता समजा मी कट्टर विलीनीकरणवादी आहे (वडील होते) आणि गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का यावर १६ जानेवारी १९६७ ला मतदान (ओपिनियन पोल) झालं, त्याच्या मागे जाऊन प्रचार फिरवायचा ठरवलं. फरक होता ३४,०२१ मतांचा. विलीनीकरणाला १,३८,१७०, विरोधात १,७२,१९१. एवढा घोळ करायचा तर मला वर्ष-दीड वर्ष आधी जाऊन ठाण मांडावं लागेल, गावोगाव बैठका घ्याव्या लागतील, वडिलांनाही कामाला जुंपावं लागेल. त्या धामधुमीत ते डिचोलीच्या त्या कार्यक्रमाला गेलेच नाहीत तर? मग मी नाही. मी नाही तर प्रचार नाही. प्रचार नाही तर ते कार्यक्रमाला गेले. ते गेले तर मी आहे. माझं डोकं इथे गरगरतं.

बंदूक नाही, खून नाही, नुसत्या बैठका. तरीही तोच घोळ.

इसवण

काळजी करू नका, तुमच्या बैठकांना बघूनच लोकांनी दोन पानांवर, विलीनीकरणविरोधी निशाणीवर, शिक्का मारला असेल.

रायबंदरचो

हेंच तें! डेप्युटेशनवाले आले, खुर्च्या अडवल्या आणि आता काळही अडवायला निघाले. गोव्याने तेव्हा योग्य तेच केलं. कोकणी माणसाला…

डिचोलीचा_मराठा

योग्य कसलं? मराठी शाळा कुणी चालवल्या गोव्यात पोर्तुगिजांच्या काळात? भाऊसाहेबांनी…

प्रशासक

ओपिनियन पोल आणि मराठी-कोकणी वादाचे स्वतंत्र धागे आहेत, दोन्ही भरपूर वाहते आहेत. इथले पुढचे सात प्रतिसाद तिकडे हलवले. कालप्रवासावर बोला.

शून्यवेळ

डेप्युटेशनपुत्र, तुमच्या चक्रावर भौतिकवाल्यांची तीन उत्तरं आहेत.

एक, नोविकोव्ह या रशियन शास्त्रज्ञाचं: जे घडलं त्यात तुमचं जाणं आधीच धरलेलं आहे. तुम्ही गेलात, बैठका घेतल्यात, आणि निकाल तोच लागला. कदाचित तुमच्यामुळेच. (इसवण गमतीत बोलले ते जवळजवळ हेच.) दोन, एव्हरेटने १९५७ मध्ये मांडलेल्या अनेक विश्वांचा आधार घेऊन डेव्हिड डॉइशने १९९१ मध्ये दिलेलं: तुम्ही पोचाल ते दुसऱ्या शाखेत, तिथे गोवा महाराष्ट्रात जाईल, पण ज्या गोव्यातून निघालात तो आहे तसाच राहील. म्हणजे वडिलांचं समाधान नाहीच. तीन, हॉकिंगचं १९९२ चं: निसर्गच असं यंत्र चालू देत नाही, सुरू व्हायच्या घडीलाच ते मोडतं. हे सिद्ध झालेलं नाही, अंदाज आहे.

हॉकिंगने एक चाचणीही घेतली. २८ जून २००९ ला कालप्रवाशांसाठी पार्टी ठेवली आणि आमंत्रणं पार्टी झाल्यावर काढली. कुणी आलं नाही.

इसवण

२८ जून! ऐन मासळीबंदीत पार्टी ठेवल्यावर कोण येणार? १ ऑगस्टनंतर बोलवायला हवं होतं.

तळ्यातमळ्यात

अवांतर: भविष्यातले पर्यटक असते तर ते आधी केंब्रिजला का जातील? कळंगुटला जाऊन रस्त्याच्या मधोमध गाडी उभी करून फोटो काढत असतील. आपण ओळखलं नाही इतकंच.

सांगेकरीण

तुम्ही सगळे आकाशातून पाहायच्या गोष्टी करताय. आम्ही दरवर्षी मे महिन्यात गाडी काढून भूतकाळ पाहायला जातो.

माझ्या आईचं माहेर कुर्डी. साळावली धरणात गाव गेलं, माणसं वाडे आणि वालकिणीला वसवली. वर्षभर वर पाणी, आणि मे महिन्यात ते उतरलं की गाव वर येतं. सोमेश्वराचं देऊळ, मोगूबाई कुर्डीकरांच्या घराचा चौथरा, विहिरींची कडी, भेगाळलेला चिखल. गेल्या खेपेला आई एका जोत्यावर उभी राहून सांगत होती: ही आमची वसरी, इथे पाटा, इथे म्हशीची दावण. मला दिसत होते चार जांभे दगड आणि त्यांच्यावर वाळलेलं शेवाळ. ती मात्र पायरी नाही तिथेही पायरी असल्यासारखा पाय उचलून आत गेली. मावशी लगेच म्हणाली, दावण तिथे नव्हतीच, पलीकडे होती. झालं! सबंध गाव समोर उघडं पडलेलं असूनही दावणीचा निकाल लागला नाही तो नाहीच.

म्हणून म्हणते, गुरुवारबाब, तुम्हाला पूल उडताना दाखवला तरी तुमच्या घरातले दोन पक्ष दोनच राहतील.

वकीलबाब

सांगेकरीणबाय, हे मी माझ्या युक्तिवादात घेतो.

सड्यावरून

आमच्या वास्कोला हेडलँड सड्यावर ध्रुवीय संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आहे. अंटार्क्टिकाच्या बर्फाच्या लांबच लांब कांड्या काढून अभ्यासतात. बर्फ साचताना हवेचे बुडबुडे त्यात कोंडले जातात, ते फोडले की त्या काळची खरी हवा बाहेर. युरोपीय पथकाने काढलेल्या सगळ्यात जुन्या कांड्यांपैकी एकीतून ८ लाख वर्षांचा हिशेब लागला. हे पाहण्याच्या पुढचं आहे, तुम्ही त्या काळाचा श्वास घेऊ शकता. तरी विरोधाभास शून्य, कारण बुडबुडा पुढे आला, आपण मागे गेलो नाही.

मला वाटतं मूळ प्रश्नाचं उत्तर यातच आहे. माहिती मागून पुढे येते तोवर कसलीच अडचण नाही, रोजचंच आहे ते. पुढची माहिती मागे गेली की घोळ. मग पाहणं हे आलं पहिल्या प्रकारात. गुरुवारबाब, पाहा बिनधास्त. भिवपाची गरज ना.

कुळागर

सड्यावरून यांच्याशी मी सहमत नाही. पाहणं वाटतं तितकं निरुपद्रवी नाही.

दुर्बिणीचं ठीक आहे. तो उजेड तिथून कधीच सुटलेला, आपण पकडला काय, सोडला काय, १९६१ ला फरक पडत नाही. बुडबुड्याचंही तेच. पण गुरुवारबाबना हवं आहे ते वेगळं: अमुक रात्र, अमुक घर, कौलांच्या आतलं. म्हणजे त्या काळात खिडकीच उघडायला हवी. पाहायचं तर तिथला प्रकाश खिडकीतून इकडे आला पाहिजे, म्हणजेच तेवढा तिथे कमी झाला. तिकडून बघणाऱ्याला त्या जागी काळा डाग दिसेल. शिवाय खिडकी ही दोन्ही बाजूंनी खिडकीच. इकडचा दिवा तिकडे दिसणार.

आता बघा. आजोबा घोरताहेत. नातू ६५ वर्षांनंतरच्या खिडकीतून डोकावतो. खोलीत ट्यूबलाइटचा उजेड पडतो. आजोबा दचकून उठतात, कोण आलं म्हणून अंगणात धावतात, आणि त्याच क्षणी पूल उडतो. आजोबांनी पाहिला! आजीचंही खरं, तो घोरतच होता.

इसवण

फक्त आजीने हलवून उठवलं नाही, नातवाने उठवलं. आजीचं श्रेय गेलं. हा अन्याय आहे.

गुरुवारचा_बाजार

कुळागरबाब, दंडवत. हे घरी वाचून दाखवलं. काकांचा पक्ष म्हणतो आम्ही जिंकलो, आत्याचा पक्ष म्हणतो आम्ही.

शून्यवेळ

कुळागर, हे नोविकोव्हचं उदाहरण म्हणून वर्गात सांगण्यासारखं आहे. काहीच बदललं नाही, सगळं जुळलं, तरी पाहणं हेच कारण ठरलं. पण मग असं विचारता येईल: नातवाने डोकावायचं ठरवलं ते या भांडणामुळे, आणि भांडण झालं ते त्याच्या डोकावण्यामुळे. हे भांडण मुळात सुरू कुणी केलं?

सांगेकरीण

आमच्याकडे गाण्यात हे असं सांगता येईल. मी जुन्या कॅसेटवरून एक चीज पाठ केली. मागे जाऊन बुवांना ऐकवली. त्यांनी ती शिष्येला शिकवली, तिने गायली, तीच माझी कॅसेट. चीज बांधली कुणी?

कुळागर

कुणीच नाही. आणि गंमत अशी की चीज अशी फिरू शकेल, कॅसेट नाही. तीच कॅसेट मागे नेऊन दिलीत आणि तीच पुढे तुम्हाला मिळाली, तर दर फेरीला ती झिजणार, बुरशी धरणार. फेरीच्या शेवटी होती तशीच नवी हवी, आणि वस्तू तशा राहत नाहीत. सुरांना बुरशी लागत नाही.

डेप्युटेशनपुत्र

आमच्या गावच्या जत्रेतल्या नाटकात ऐकलेत का सूर? लागते.

तळ्यातमळ्यात

रेवतीचं कुणी काढलं नाही. ककुद्मी राजा मुलीसाठी वर विचारायला ब्रह्मदेवाकडे गेला, तिथे गाणं चाललं होतं म्हणून जरा थांबला, तेवढ्यात खाली २७ चतुर्युगं उलटली. मनात धरलेले सगळे वर मरून गेले. शेवटी मुलगी बलरामाला दिली.

शून्यवेळ

ते पुढे जाणं झालं. त्याला कुणाचीच हरकत नाही. १९७१ मध्ये हाफेले आणि कीटिंगने अणुघड्याळं विमानातून जगाभोवती फिरवली आणि फरक मोजला. तुमच्या मोबाइलला वाट दाखवणाऱ्या उपग्रहांची घड्याळं रोज ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात, ती दुरुस्ती धरली नाही तर नकाशा तुम्हाला मांडवीत उभं करेल. मागे जाणं हीच भानगड आहे.

आणि खिडकीबद्दल एक राहिलंच. गणिताला चालणारं काळयंत्र म्हणून किप थॉर्न आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये कृमिविवराचं (अवकाशातल्या दोन जागा जोडणाऱ्या बोगद्याचं) मांडलं: एक तोंड जागेवर, दुसरं प्रचंड वेगाने फिरवून आणलेलं. तोंडांच्या वेळांत फरक पडतो, आणि तुम्ही एकातून शिरून दुसऱ्यातून आधीच्या वेळी बाहेर पडता. पण यंत्र तयार झालं त्या दिवसाच्या मागे त्यातून जाता येत नाही. १९६१ मध्ये माशेलला कुणी ते बांधून ठेवलेलं नसेल तर कुळागरांची खिडकी उघडायची नाही. हॉकिंगच्या पार्टीला कुणी न येण्याचं हेही एक कारण असू शकतं.

वकीलबाब

म्हणजे आज बांधलं तर आपल्या नातवंडांना आजपासून पुढचं सगळं पाहता येईल? मग बांधू नका. मी हात जोडतो.

गुरुवारचा_बाजार

म्हणजे दुर्बीण नाही, खिडकीही नाही. तो उजेड कुठेतरी आपटून परत येईल असं काही? आरसा?

शून्यवेळ

असं खरोखर घडलेलं आहे, फक्त आपल्या उजेडाबाबत नाही. नोव्हेंबर १५७२ मध्ये टायको ब्राहेने आकाशात नवा तारा पाहिला, तो ताऱ्याचा स्फोट होता. त्याचा थोडा उजेड बाजूच्या धुळीवर आपटून लांबच्या वाटेने आला, आणि २००८ मध्ये खगोलज्ञांनी तो पकडून स्फोटाचा प्रकार नक्की केला. ४३६ वर्षांनी तोच स्फोट दुसऱ्यांदा.

आपल्या उजेडासाठी कृष्णविवर चालेल. त्याच्या कडेने प्रकाश पूर्ण वळसा घालून उलट येऊ शकतो, होल्झ आणि व्हीलरने २००२ मध्ये यावर लिहिलंय. तुम्हाला ते ३२-३३ प्रकाशवर्षांवर हवं. माहीत असलेल्यांत सगळ्यात जवळचं, गाया बीएच१, सुमारे १,५६० प्रकाशवर्षांवर आहे. तिकडून आत्ता काही परतत असेल तर ते ३,१०० वर्षांपूर्वीचं. तेव्हा बाणस्तारीला पूल नव्हता, गुरुवारचा बाजारही नव्हता.

सांगेकरीण

मग पूल राहू द्या, मला तेच पाहायचंय! कुशावतीच्या काठी उसगाळीमळला जांभ्यावर बैल, मोर आणि ते चक्रव्यूहासारखं कोरलेलं आहे. नक्की केव्हाचं यावर तज्ज्ञांत एकमत नाही. कोरणारे बसलेले दिसले तर काळ तरी ठरेल.

वकीलबाब

दिसले तर ती जमीन तेव्हा कसत कोण होतं तेही बघून ठेवा.